अठ्ठेचाळीस मुक्या फळ्या

"मार उडी," मामा म्हणाला.

मामा स्टेजवर पालथा पडला होता. चष्मा कपाळावर, गाल फळीला चिकटलेला, एक कान खाली. वायरमन त्याच्या डोक्यापासून हातभर लांब उभा होता आणि घाबरला होता. उडी चुकली तर थेट मामाच्या मानेवर.

"मामा, ही सतरावी उडी आहे."

"मग अठरावी पण मारशील. आणि जरा जीव खाऊन मार. झुरळ मारतोयस का?"

वायरमनने जीव खाऊन मारली. मामाने डोळे मिटले. कुठे कुई नाही, कुठे कर्र नाही. नुसतं 'थप', तेही जाड गादीवर मांजर उतरावं तसं. मामा उठून बसला, शर्टावरचा भुसा झटकला आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

"आता बोल म्हणावं अध्यक्षाला."

हे का म्हणाला ते कळायला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात जावं लागेल. आमच्या गावाचा उन्हाळी मेळा डेअरीमागच्या मैदानात भरतो आणि स्टेज दर वर्षी मामाच बांधतो. त्या वर्षी कमिटीने लाकूड आणलं ते ओलं. मामाने सांगितलं, हे सुकलं की फळ्या आकसणार, स्क्रू सैल पडणार. अध्यक्ष म्हणाले, लाकूड ते लाकूड. उन्हात आठ दिवसांत फळ्या आकसल्या. अध्यक्षांना भाषण करताना या पायावरून त्या पायावर झुलायची सवय. "आपलं गाव," कुंई. "प्रगतीच्या वाटेवर," कुंई. मागून कोणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, स्टेजला पण दोन शब्द बोलायचेत!" लोक हसून हसून आडवे झाले. मग अध्यक्षांनी माइकवरून मामाकडे बोट केलं. "आमच्या सुतारमामांनी स्टेज बांधलाय की पाळणा?"

लोक परत हसले. हे दुसरं हसू मामावर होतं. त्यानंतर आठ महिने मामा केस कापायला शेजारच्या गावात जात होता.

आता हे हसू कोणाच्या वाट्याला आलं बघा. मामाचं आणि करकर आवाजाचं जन्माचं वैर आहे. त्याने बसवलेलं दार बंद झालं की नाही ते बघायला वळून पाहावं लागतं. तो कोणाकडे चहाला गेला आणि खुर्ची वाजली की चहा तसाच राहतो, खुर्ची उलटी होते. एकदा एका ओळखीच्या घरी माणूस गेला म्हणून भेटायला गेला. घरात रडारड चाललेली, आणि आत-बाहेर करणाऱ्या बायकांच्या हाताखाली मधलं दार किंचाळत होतं. मामाने दहा मिनिटं सोसलं. मग उठला, सायकलच्या पिशवीतून साबणाचा तुकडा काढला आणि बिजागऱ्यांना चोळून आला. मामी अजून ते ऐकवते. "लोकं सांत्वनाला जातात, आमचे हे दुरुस्तीला जातात."

तेव्हा यंदा मामाने मामीला आधीच सांगून ठेवलं होतं. "यंदा माझा स्टेज एकदा जरी करकरला ना, तर हत्यारं पोत्यात भरून माळ्यावर टाकीन. खोटं नाही सांगत. बास झाली सुतारकी."

"टाका," मामी म्हणाली. "माळ्याची शिडी तेवढी आधी दुरुस्त करा."

मामी थट्टा करत होती, पण तिलाही ठाऊक होतं की मामा टाकणार. तो असाच आहे. एकदा रागावून त्याने चहा सोडला होता, तो अकरा वर्षं.

तर यंदा लाकूड त्याने स्वतः निवडलं. सहा महिने शेडमध्ये सुकवलं. चोवीस फुटी स्टेज, सहा इंची अठ्ठेचाळीस फळ्या. वरून एक खिळा नाही, सगळे स्क्रू खालून, आडव्या वाशांमधून वर. फळी आणि वासा यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, म्हणजे लाकूड लाकडाला घासणारच नाही. शिवाय खालची पोकळी घुमायला नको म्हणून वाशांच्या मध्ये गोणपाटाच्या घड्या दाबून बसवल्या. गावातल्या सगळ्या पंक्चरवाल्यांकडच्या जुन्या ट्यूबा संपल्या. असा स्टेज त्याने आयुष्यात बांधला नव्हता. अध्यक्ष एकदा येऊन बघून गेले, झुलून गेले, आणि काही ऐकू आलं नाही म्हणून तोंड वाकडं करून "ठीक" म्हणून गेले.

त्यांनी एवढं मात्र सांगितलं नाही की नाचणारे कोण येणार आहेत.

परदेशातून मंडळी येणार, लोकनृत्य करणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. फलक लागले होते. पण कुठलं नृत्य, कसलं नृत्य, याची चौकशी कोणी केली नाही. त्या मंडळींनी महिन्याभरापूर्वी पत्र पाठवलं होतं, सोबत स्टेज कसा हवा त्याचं चित्र. ते अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात होतं, लग्नपत्रिकांच्या खाली. अध्यक्षांनी त्यावरचा शिक्का आणि सही बघितली, खूश झाले आणि खण लावला.

मेळ्याच्या दिवशी दुपारी दीड वाजता पाहुण्यांची बस आली. बारा नाचणारे, दोन वाजवणारे आणि त्यांची पुढारी एक म्हातारी. उंच, हाडकुळी, पांढरे केस कापलेले, नाक पटाशीसारखं धारदार. सोबतीला आपल्या पोस्टातल्या बाई होत्या. त्यांनी दोन वर्षं टपालाने त्या लोकांची भाषा शिकली होती आणि ती वापरायची वेळ आयुष्यात प्रथमच आली होती. त्यामुळे त्या सकाळपासून घामाघूम.

मामा जेवायचा थांबला होता. हाताची घडी घालून स्टेजच्या कोपऱ्यात उभा. कौतुक होईल तेव्हा आपण हजर असावं, एवढंच.

पाहुण्यांनी पिशव्या उघडल्या आणि बूट काढले. लाकडी. जाड लाकडी तळव्यांचे, टाचेला लाकडाचा ठोकळा. मामाच्या कपाळाला पहिली आठी पडली. बारा जण रांगेत उभे राहिले, म्हातारीने टाळी वाजवली, आणि बाराच्या बारा जणांनी एकदम पाय आपटले.

थप.

पोत्यातून बटाटे सांडावेत तसं वाजलं. ते थांबले. एकाने बूट उचलून तळवा बघितला. परत टाळी, परत पाय. थप थप, थपाथप. एक पोरगी हसायला लागली, दुसरीने तिला कोपर मारलं. म्हातारीने एक बूट काढला, खाली येऊन मैदानातल्या दगडी पायरीवर ठोकला. टॉक! मैदानाच्या पलीकडचं कुत्रं उठून बसलं. मग वर येऊन तोच बूट फळीवर ठोकला. थप. मग ती पोस्टातल्या बाईंशी बराच वेळ बोलली.

"काय म्हणतात?" मामाने विचारलं. "गुळगुळीत आहे म्हणत असतील."

"मामा, त्या म्हणतात..." बाईंनी पदराने मान पुसली. "स्टेज मुका आहे म्हणतात."

"हो! मग? तेच तर! ट्यूबा आहेत खाली, सांगा त्यांना."

"नाही हो मामा. त्यांना बोलका हवाय. त्यांचं वाजवणं बुटांनीच असतं. ते दोन वाजवणारे नुसते साथीला. बूट वाजले नाहीत तर नाच नाहीच म्हणतात."

मामाने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत कपाळावर चढवला. ज्यांनी मामाला पाहिलंय त्यांना कळेल की हे किती वाईट लक्षण आहे.

"म्हणजे," तो म्हणाला, "गेल्या वर्षी आवाज येतो म्हणून माझी अब्रू काढली. आणि यंदा येत नाही म्हणून काढणार?"

तेवढ्यात अध्यक्ष आलेच. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एक क्षणही घालवला नाही. "सुतारमामा, मी कधी म्हटलं आवाज नको?"

"माइकवरून म्हटलंत! सगळ्या गावासमोर!"

"तो विनोद होता."

"मग मी आठ महिने विनोदाने शेजारच्या गावात केस कापायला जात होतो का?"

"असू दे, असू दे. आपण असं करू, वरून प्लायवूड टाकू. नाहीतर शाळेची चार दारं काढून आणा, ती वाजतील."

"दारं?" मामाचा आवाज चिरकला. "ती दारं मी बसवलीत! ती वाजत नाहीत!"

वायरमन मध्ये पडला. "मामा, मी बुटांपाशी माइक लावतो की."

"तू गप. 'थप' मोठं करून काय होणार? मोठं 'थप' होणार."

ते खरं होतं. पाहुणे स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले होते, आणि सहा वाजता कार्यक्रम होता. मामा एका बाजूला जाऊन उलट्या ठेवलेल्या टबावर बसला आणि त्याने जाहीर केलं की तो स्वतःच्या हातचं काम स्वतःच्या हाताने उखडणार नाही, उखडायचं असेल तर अध्यक्षांनी उखडावं, पेचकस कसा धरायचा ते तो शिकवेल.

मामी डबा घेऊन आली ती अशा वेळी. तिने एकदा मामाकडे बघितलं, एकदा पाहुण्यांकडे, आणि वायरमनकडून दोन वाक्यांत सगळं ऐकून घेतलं.

"अहो, जेवून घ्या."

"मला भूक नाही."

"भूक नाही तर नाही. पण ती बारा पोरं एवढ्या लांबून आलीत, ती तुमचं तोंड बघायला आलीत का?"

"मी काय चूक केली ते सांग."

"काही चूक नाही केलीत. तुम्ही कधीच करत नाही. तीच तर कटकट आहे."

म्हातारी हे सगळं बघत होती. भाषा कळत नव्हती, पण नवरा-बायको कळायला भाषा कशाला लागते. ती मोज्यांवर चालत स्टेजवर गेली, गुडघ्यावर बसली आणि नखाने दोन फळ्यांचा सांधा चाचपत पुढे सरकली. एक सांधा, दुसरा, तिसरा. नख कुठे अडकेना. खिळा कुठे दिसेना. मामा टबावरून तिरक्या डोळ्याने बघत होता. मग ती खाली उतरली, कोपऱ्यातून वाकली आणि सरळ स्टेजखाली घुसली.

"अहो बाई! अहो, तिथे मुंग्या आहेत!" मामा ओरडला आणि तिच्यामागे गेला. त्याच्या कामाखाली दुसऱ्या कोणी एकट्याने जायचं म्हणजे काय.

पोस्टातल्या बाई खाली मावल्या नाहीत. म्हणून तिथे जे झालं ते बोलण्याशिवाय झालं. वायरमनने बॅटरी आत धरली होती, त्याने पाहिलं तेवढं सांगतो. म्हातारीने ट्यूबची पट्टी चिमटीत धरून ओढली, सोडली, आणि हसली. कुचेष्टेने नाही, मामासारखाच कोणी माणूस दुसऱ्याची युक्ती सापडली की हसतो तसं. गोणपाटाची घडी दाबून बघितली. मग स्वतःचा बूट मामाच्या हातात दिला. मामाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. तळवा झिजलेला, आणि झिजलेल्या जागी दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवलेला. सांधा असा की मामाने तो तीनदा अंगठ्याने चाचपला आणि तीनदा त्याला सापडला नाही.

"कोणी केलं?" मामाने विचारलं. बोट तुकड्यावर ठेवलं, मग हात हवेत फिरवला.

म्हातारीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग बाहेर बसलेल्या बारा जणांच्या पायांकडे दाखवलं. सगळेच बूट तिने कोरले होते.

मामा स्टेजखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत गोणपाटाचे धागे होते आणि तोंडावर असा वैताग की कोणी जवळ जाईना.

"पेचकस आणा," तो म्हणाला. "सगळे. डेअरीतले पण आणा. आणि पाहुण्यांतल्या त्या चार धिप्पाड पोरांना सांगा, बूट काढून खाली या. सगळा स्टेज होणार नाही. मधल्या वीस फळ्या. दोनशे स्क्रू आहेत. एक जरी स्क्रू मातीत पडला तर मी घरी जाणार."

पुढचे तीन तास मामा उताणा पडून शिव्या देत होता. पाहुण्यांना मराठी येत नव्हती, त्यामुळे ते खूप छान काम करत होते. स्क्रू सैल करायचा, पट्टी ओढून काढायची, घडी बाहेर फेकायची, स्क्रू परत आवळायचा. "अरे लांबोड्या, डावीकडे! तुझी डावी! हां. आवळ. एवढा नाही, फळी चिरडशील!" लांबोड्या हसून मान हलवायचा आणि अगदी बरोबर तेवढंच आवळायचा. मामाला त्याचाही राग आला. आपल्याकडच्या एकालाही सांगून हे जमत नाही.

पाच वाजता शेवटची पट्टी निघाली. मामाने शेवटचे स्क्रू स्वतः आवळले, वीसच्या वीस फळ्या वरून हाताने हलवून बघितल्या. एकही हलेना. लाकूड आता वाजणार होतं, पण करकरणार नव्हतं. हा फरक फक्त मामाला कळतो. मग मामीने त्याला कॉलरला धरून अंघोळीला घरी नेलं.

सहाला मैदान भरलं. आधी अध्यक्षांचं भाषण. ते कडेच्या, मुक्या फळ्यांवर उभे होते, मनसोक्त झुलले, आणि चूं की चां झालं नाही. त्यामुळे कोणी हसलं नाही आणि कोणी ऐकलंही नाही. मामा पुढच्या रांगेत मामीशेजारी बसला होता, केस ओले, हात मांड्यांखाली दाबलेले.

मग बारा जण आले आणि नाच सुरू झाला.

आता तो नाच कसा होता ते गावातल्या कोणालाही विचारा, सांगतील. आधी हळू, दोनच जण, टक टक टक, कोणी दार वाजवावं तसं. मग चार. मग सगळे, आणि मग काय चाललंय ते डोळ्यांना कळेना, नुसतं कानाला कळत होतं. पाऊल खाली येण्याआधी दुसरं वर. हात बाजूला सरळ, मान वर, कोणी खाली बघत नव्हतं. आवाज छातीत घुसत होता. गावातली म्हातारीकोतारी माणसं उभी राहिली. डेअरीचा मॅनेजर, जो कधी टाळी वाजवत नाही, तो खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होता.

आणि मामा? मामाचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं.

"काय झालं?" मामी कुजबुजली.

"चोविसावी."

"काय चोविसावी?"

"फळी. डावीकडून चोविसावी. करकरतेय."

"मला नाही ऐकू येत."

"तुला आपलं दार पण ऐकू येत नव्हतं. ऐक. टक टक टक, कुर्र. टक टक टक, कुर्र. ऐकलंस?"

"अहो, नाच बघा."

"काय बघू? माझी फळी करकरतेय!" तो उठायला लागला. मामीने त्याचा शर्ट मागून धरला आणि पूर्ण नाच होईपर्यंत सोडला नाही. तो अर्धा बसलेला, अर्धा उठलेला, मोजत होता. "परत. परत तीच. मी आवळली होती. स्वतःच्या हाताने आवळली होती."

मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "किती मन लावून बघतायत हो तुमचे!"

"हो ना," मामी दात दाबून म्हणाली.

नाच संपला तेव्हा लोक खुर्च्यांवर चढले होते. म्हातारी खाली आली, गर्दीतून सरळ मामाकडे, आणि त्याचा हात धरून त्याला स्टेजवर नेलं. पोस्टातल्या बाईंनी माइकवर सांगितलं की पाहुण्या म्हणतात, इतक्या चांगल्या लाकडावर त्यांची मंडळी बरीच वर्षं नाचली नव्हती. टाळ्यांनी मैदान दणाणलं. गेल्या वर्षीचं हसू तिथेच पुसलं गेलं असेल, पण मामाचं लक्ष नव्हतं. तो खाली बघत होता. सगळं गाव टाळ्या वाजवत असताना तो दोन पावलं सरकला, चोविसाव्या फळीवर उभा राहिला आणि तिच्यावर पाय आपटला.

कुर्र.

"ऐकलंत?" तो म्हातारीला म्हणाला. म्हातारीने मान डोलावली आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला.

घरी आल्यावर मामा सरळ झोपला. सकाळी उठून त्याने खरंच हत्यारं पोत्यात भरली. शिडी लावली. शिडीची तिसरी पायरी मोडकी होती, तिच्यावरून चढता येईना, म्हणून ती दुरुस्त करायला पोत्यातून हत्यारं परत काढावी लागली. मामी स्वयंपाकघरातून बघत होती, पण हसली नाही. तिला कळलं होतं की पोतं खालीच राहणार.

पण चोविसावी फळी त्याने सोडली नाही. वायरमनने आणि पोरांनी स्टेज मोडला तेव्हा तेवढी एक त्याने घरी आणली. दोन महिने तिच्या मागे होता. काटकोनाचा गुण्या लावला, दोरी धरली, उजेडात तिरकी करून बघितली, लेव्हलची पट्टी ठेवली. ती फळी सरळ होती. कुठे फट नाही, कुठे गाठ नाही, भोकं बरोबर. "लाकडात खोट नाही, मग खोट माझ्या हातात," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. माझ्यासमोर दुसऱ्या कोणी मामाच्या हाताबद्दल असं बोललं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. पण तो स्वतःच बोलायचा, तर काय करणार. फळी अजून शेडमध्ये भिंतीला टेकून आहे, आणि तिच्यावर कोणी काही ठेवलेलं त्याला चालत नाही.

वायरमनने मला सांगितलं ते दीड वर्षाने, तेही शपथ घालून, मामाला सांगायचं नाही या बोलीवर. त्या संध्याकाळी मामी मामाला अंघोळीला घेऊन गेली, तेव्हा म्हातारी वायरमनला स्टेजखाली घेऊन गेली होती आणि बरोबर मधल्या, म्हणजे त्याच चोविसाव्या फळीचा एक स्क्रू त्याच्याकडून दीड फेरा सैल करून घेतला होता. पोस्टातल्या बाईंनी बाहेरून ओरडून कारण सांगितलं होतं: त्यांच्यात नाचताना खाली बघायचं नसतं, आणि एक फळी करकरली नाही तर स्टेजचा मध्य कुठे आहे ते पायांना कळत नाही.